फरशीखालची ऊब
घरातली वीज : लेखांक ९

फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवण्याची पद्धत आपण गेल्या आठवड्यात पाहिली. नवं घर बांधताना ती उत्तम. पण इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या घरात फक्त बाथरूमच्या टाइल बदलायच्या असतील, तर पाइपांसाठी जमीन खोदण्यापेक्षा विजेची मॅट बरी पडते. तिकडे घर घेतलेल्या आपल्या वाचकांना ऐन जानेवारीत गार टाइलवर पाय टेकवताना हा विचार सुचतोच.

ही मॅट म्हणजे साधारण अर्धा मीटर रुंदीची जाळी. तिच्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीची तापणारी केबल नागमोडी बसवलेली असते. बाथरूमसाठी बहुधा दर चौरस मीटरला 150 वॅटची मॅट घेतात. माप घ्यायचं ते मोकळ्या जमिनीचं. टब, कमोड किंवा जमिनीला टेकलेलं कपाट यांच्याखाली मॅट घालत नाहीत, कारण तिथे उष्णता कोंडून केबल खराब होते. मॅट मापापेक्षा किंचित लहानच आणावी. मोठी आणली तर केबल कापता येत नाही : लांबी घटली की रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि केबल प्रमाणाबाहेर तापते.

कोब्यावर आधी इन्सुलेशनचे बोर्ड बसवावेत. पैसे वाचवायला ते गाळले, तर बरीचशी उष्णता खालच्या काँक्रीटमध्येच मुरते. बोर्डावर मॅट अंथरत भिंतीपाशी पोचलात की फक्त जाळी कात्रीने कापा आणि पट्टा उलट दिशेला वळवा. केबल अखंड राहिली पाहिजे आणि केबलवर केबल येता कामा नये. तापमान मोजणारा सेन्सर केबलच्या दोन ओळींच्या मधोमध, टोक बंद केलेल्या नळीत सरकवतात. तो बिघडला तर टाइल न फोडता बाहेर ओढून बदलता येतो. केबलला मात्र ही सोय नाही.

म्हणूनच या कामात मोजणीइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. तीन चौरस मीटरची मॅट 450 वॅटची. 230 व्होल्टला तिचा रोध साधारण 118 ओहम भरतो. नेमका आकडा आणि चालणारा फरक लेबलवर किंवा माहितीपत्रकात असतो. मल्टिमीटरने हा आकडा तीनदा पडताळायचा : खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर. तारेतून आर्थिंगकडे गळती नाही ना, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. थापीची कड किंवा हातातून पडलेली हातोडी केबल जखमी करायला पुरेशी आहे. अॅडहेसिव्ह ओलं असताना दोष कळला तर दोन-चार टाइल उचलून भागतं. वाळल्यावर कळला तर फरशी फोडावी लागते.

अॅडहेसिव्ह आणि ग्राउट दोन्ही लवचीक प्रकारचे घ्या, कारण फरशी रोज तापणार आणि निवणार. केबलभोवती पोकळी ठेवू नका. तापणारी केबल आणि थर्मोस्टॅटकडे जाणारी साधी वायर यांचा जोडही अॅडहेसिव्हमध्ये पूर्ण बुडलेला हवा. मग उत्पादकाने सांगितलेले दिवस थांबा. लवकर सुकावं म्हणून मॅट चालू केली तर सांध्यांना तडे जातात.

मॅट अंथरणं घरच्या घरी जमेल, जोडणी मात्र प्रमाणित इलेक्ट्रिशियनचीच. सर्किटला 30 मिलिअँपिअरची आरसीडी हवी. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतला ‘पार्ट पी’ बाथरूममधल्या अशा नव्या सर्किटची नोंद करायला लावतो. त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

टाइल लावण्याआधी अंथरलेल्या मॅटचा फोटो काढा आणि तिन्ही वेळचे आकडे त्याच्यासोबत फ्यूजबॉक्सजवळ ठेवा. उद्या कुणी दाराच्या अडणीसाठी जमिनीत ड्रिल चालवायला निघालं, तर हाच कागद फरशी वाचवेल.

(पुढच्या आठवड्यात : थर्मोस्टॅटच्या वेळा आणि विजेचं बिल)