पूर ओसरला तरी भिंत ओलीच! दिवाळीच्या रंगकामाची घाई का नको? जाणून घ्या

कामठी : पुराचे पाणी दोन दिवसांत उतरते, पण भिंतीत शिरलेले पाणी महिनोन्‌महिने मुक्काम ठोकते. ते बाहेर पडण्याआधीच पुट्टी आणि रंग लावला, तर पुढच्या पावसाळ्याआधीच पोपडे निघतात आणि खर्च दुप्पट होतो.

कामठीला धोका का?
शहराच्या वरच्या अंगाला बिना संगम येथे पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला मिळतात. त्यामुळे मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला आणि पेंचवरील धरणांतून विसर्ग वाढला, की कामठीत फारसा पाऊस नसतानाही कन्हान फुगू शकते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस चौराई आणि तोतलाडोह धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे नदीकाठच्या वस्त्यांना हाच अनुभव आला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला होते. म्हणजे पूर आणि दिवाळी यांत जेमतेम 11 आठवडे होते.

भिंत वाळायला किती वेळ?
वीट स्पंजासारखी असते. तिच्या बारीक छिद्रांतून पाणी पुराच्या रेषेच्याही वर चढते. वाळण्याचा ढोबळ हिशेब म्हणजे एका इंचाला साधारण एक महिना. 9 इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर चार-पाच महिने आणि एकच बाजू उघडी असेल तर आणखी जास्त वेळ लागू शकतो. पावसाळी दमट हवेत हा वेग मंदावतो, तर विदर्भातल्या कोरड्या उन्हात वाढतो. पाणी बाहेर येताना विटेतले क्षारही सोबत आणते. भिंतीवर दिसणारा पांढरा लोणा तो हाच. वरून ऑइल पेंट किंवा सिमेंटचा घट्ट गिलावा केला, तर ओल आत कोंडते आणि थर फुगून सुटतो.

आधी काय करावे?
- घरात शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. परवानाधारक वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये.
- साफसफाईआधी भिंतीवरची पाण्याची रेषा, भेगा आणि खराब सामानाचे फोटो काढावेत. तलाठ्याच्या पंचनाम्यासाठी आणि विम्याच्या दाव्यासाठी ते उपयोगी पडतात.
- गाळ ओला असतानाच काढावा. भिंत साबणाच्या पाण्याने धुऊन मग ब्लीचिंग पावडरचे द्रावण (एका लिटरला सुमारे 15 ग्रॅम) फिरवावे. ते ॲसिड किंवा अन्य क्लीनरमध्ये मिसळू नये.
- बुरशी 24 ते 48 तासांत धरू शकते. ओल्या गाद्या बाहेर काढाव्यात, कपाटे भिंतीपासून हलवावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.
- पोकळ वाजणारा गिलावा ओलीच्या रेषेच्या थोडा वरपर्यंत काढावा. लोणा पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावा.
- पाया काळ्या मातीत असेल तर माती सुकून आकसताना नव्या भेगा पडू शकतात. भेग रुंदावत असेल तर आधी इंजिनीअरला दाखवावी.

भिंत वाळली हे कसे ओळखावे?
दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब दिसले, तर रंगकाम थांबवावे.

मदत किती मिळते?
2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत किमान 15 टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला 6,500, तर कच्च्या घराला 4,000 रुपये आहेत. एवढ्या रकमेत एकच काम दोनदा करणे परवडत नाही. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुराचे नुकसान धरले जाते. मात्र पॉलिसी आधीच घेतलेली हवी.

मग दिवाळीचे काय?
सुटा गिलावा काढून, लोणा झाडून भिंतीला साध्या चुन्याचा हात द्यावा. चुन्यातून वाफ बाहेर पडत राहते. घर सणाला उजळ दिसते आणि भिंत वाळतही राहते. पुट्टी आणि रंगाचे पैसे उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवलेले बरे.