ओली यंत्रे : आधी जीव, मग वस्तू

भालकी-औराद भागात आता घरोघरी मोबाईल व टीव्ही आहेत. बँकेचा, पीक विम्याचा निरोपही मोबाईलवरच येतो. त्यावर चहा सांडला किंवा मांजराने लघवी केली, तर पुढील काळजी घ्यावी.

१. टीव्ही, मिक्सर ओला झाल्यास त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मगच प्लग काढावा. वस्तू पुन्हा घेता येते, जीव नाही.

२. मोबाईल ताबडतोब बंद करावा. 'चालतो का' हे पाहू नये. चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ओलाव्यात वीज खेळली की आतले भाग जळतात.

३. मोबाईल तांदळात पुरू नये. तांदळाचे बारीक कण आत जातात. ॲपल कंपनीनेही २०२४ साली तसे बजावले आहे. कापडाने टिपून पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. तापून बॅटरी फुगते, पेटही घेते.

४. साधे पाणी वाळून जाते. पण लघवीतील क्षार व चहातील साखर आतच राहते आणि तांब्याला गंज चढतो. म्हणून वस्तू वाळली तरी दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घ्यावी.

घरातील मुलांना मेन स्विच कोठे आहे ते आजच दाखवून ठेवा.