पिन, वायसर आणि निळी ज्योत

चिंच आणि राख लावून घासला की पितळी स्टोव्ह लखलखतो आणि बहुतेक घरांत त्याची सफाई तिथेच संपायची. टाकीत तोंड बघून घ्यावं, आणि निपलमध्ये मात्र काजळी! स्टोव्हचा जीव पितळेत नसतो. तो निपलच्या केसाएवढ्या भोकात आणि पंपातल्या चामड्याच्या वायसरात असतो.

डहाणूजवळच्या आमच्या सरावलीत आता बहुतेक स्वयंपाक गॅसवर होतो. आजूबाजूच्या पाड्यांवर चूलही आहेच. गॅस आला तसं रेशनचं निळं रॉकेल आटत गेलं आणि स्टोव्ह माळ्यावर गेले. आत्याचाही गेला होता. साफसफाईत तो हाती लागला तेव्हा ती म्हणाली, "भंगारात घाल. पण आधी एकदा पेटवून दाखव." तो पेटवता येण्याजोगा करायला माझी अख्खी दुपार गेली.

या स्टोव्हचं गणित सोपं आहे. पंप मारला की टाकीतली हवा दाबली जाते आणि रॉकेल नळीतून वर चढतं. तापलेल्या बर्नरमधून फिरताना त्याची वाफ होते, ती निपलमधून जोरात सुटते आणि जाता जाता भोवतालची हवा ओढून घेते. जळते ती ही वाफ आणि हवा. म्हणून आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा. घाई केली तर वाफेऐवजी रॉकेलच उसळतं आणि पिवळा भडका छताकडे जातो. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसानं 1892 साली ही युक्ती बाजारात आणली. अमुंडसेननं 1911 साली प्रायमस दक्षिण ध्रुवावर नेला. आपल्याकडे तो चहा, पिठलं आणि अंघोळीच्या पाण्यासाठी पुरला.

पहिलं काम टाकीचं. तळाला लालसर गाळ आणि पाण्याचे थेंब होते. रॉकेलखाली साठलेलं पाणी वर चढलं की ज्योत फडफडते, मग माणूस उगाच पिन मारत बसतो. टाकी दोनदा थोड्या रॉकेलनं खंगाळली. नवं रॉकेल भरताना फनेलला दुहेरी फडकं लावलं.

मग पंप. दांडा दाबला तर आत काहीच अडत नव्हतं. म्हणजे चामड्याचा वायसर सुकून आकसला होता. तो बाहेर काढला, गोडेतेलात भिजत ठेवला आणि बोटांनी कडा हलकेच पसरवल्या. तासाभरात चामडं मऊ झालं. परत बसवताना कडा दुमडली तर दाब मिळत नाही, म्हणून तो जरा तिरपा धरून फिरवत आत सरकवायचा. पंपाच्या तळाशी आणखी एक झडप असते. दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपाच्या नळीत रॉकेल दिसत असेल, तर दोष तिचा. ही झडप घरी खोलण्याच्या भानगडीत पडू नये. तिला लांब चावी लागते आणि जोर चुकला तर आटे जातात.

निपल मात्र घरीच बघावं. पत्र्याच्या पट्टीला बारीक तार डकवलेली ती पिन पूर्वी किराणा दुकानातही मिळायची. ती सरळ उभी धरायची, आत घालून लगेच काढायची. वाकडी गेली तर तार तुटून आतच राहते. पुष्कळदा मारली तर भोक मोठं होतं आणि मग स्टोव्ह जन्मभर धूर ओकतो. आत्याच्या स्टोव्हचं निपल पिनेला दाद देईना. शेवटी चावीनं काढून उजेडासमोर धरलं, तर आत टणक काळा कण. बर्नरच्या नळ्यांतही तसलाच कोळसा. जुने कारागीर बर्नर निखाऱ्यात लाल करून दगडावर ठोकत आणि कोळसा झाडत. मी ते केलं नाही; नळ्यांचे जोड सुटण्याची भीती असते. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे तो दिला. त्यांनी शिशाचा वायसरही बदलला.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. एकीकडे बुडबुडे आले, चावीनं पाव वळसा आवळला आणि मगच काडी हातात घेतली. ज्योत आधी पिवळी, मग निळी झाली आणि तो ओळखीचा घरघराट सुरू झाला.

हे दुखणं फक्त स्टोव्हचं नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत, पुष्कळ घरं अजून तेलाच्या भट्टीनं उबदार राहतात. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींकडे थंडीपूर्वी माणूस येतो, फिल्टर आणि नोझल बदलतो, आतली काजळी ब्रशनं काढतो. पंप तिथे विजेचा, तेल जवळजवळ डिझेलसारखं. तरी आजाराची लक्षणं तीच: गाळ, काजळी, तुंबलेलं भोक, अपुरी हवा.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे एका पिढीत किती सुना "स्टोव्हचा भडका उडून" गेल्या! सदोष आणि भेसळीच्या रॉकेलवर चाललेले स्टोव्ह घातक होतेच. जळत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतल्यानंही अपघात झाले. पण इतके स्टोव्ह फक्त सुनांच्याच वेळी का भडकत होते, हा प्रश्न स्त्री-चळवळीनं विचारला, आणि 1983 साली विवाहितेच्या छळाचं 498-अ, तर 1986 साली हुंडाबळीचं 304-ब हे कलम कायद्यात आलं. यंत्राचा दोष शोधताना माणसाचा दोष झाकला जाऊ नये.

तुमच्याही माळ्यावर असा स्टोव्ह असेल तर वायसर बदलल्याशिवाय आणि फेस लावून सांधे तपासल्याशिवाय तो पेटवू नका. रॉकेल भरण्याआधी तो विझवा, गार होऊ द्या, हवेचा स्क्रू सैल करून हवा सोडा. त्यात पेट्रोल कधीही घालू नका. डिझेलही नको, ते काजळी धरतं. आणि पितळ घासायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी.