खोलीतील सोबत्याला सांगायचे कसे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की बागलाण तालुक्यातील नामपूरसारख्या गावांतून मुलामुली शहरांकडे निघतात. मोसम नदीकाठचे हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी नाशिक जिल्ह्यात परिचित आहे. येथून कुणी अभियांत्रिकीसाठी नाशिकला जातो, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला, तर कुणी नोकरीसाठी मुंबईला. निघताना आईवडील प्रवेशाचे शुल्क, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे यांचा हिशेब करून देतात. मात्र अनोळखी माणसाबरोबर एका लहानशा खोलीत कसे राहायचे, हे सहसा कुणी शिकवीत नाही. भाड्याचा वाटा, दिवा बंद करण्याची वेळ, मोबाइलवरील मोठ्या आवाजातील गाणी यांवरून वाद होतात आणि मिटतातही, कारण ते उघडपणे बोलता येतात. एक प्रश्न मात्र ओठांवर येऊन अडतो. तो म्हणजे सोबत्याच्या अंगाला, तोंडाला किंवा पायमोज्यांना येणारा वास.

हा विषय वरवर क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात त्याचे परिणाम क्षुल्लक नसतात. खोलीतील इतर जण आधी नाक मुरडतात, मग आपसांत हसतात, मग त्या मुलाला एखादे टोपणनाव चिकटवतात. अभ्यासाच्या टेबलाजवळ, मेसच्या बाकावर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागते. आपल्याला टाळले जात आहे हे त्याला कळते. का टाळले जात आहे हे मात्र कळत नाही. गावाहून नुकत्याच आलेल्या मुलाला मग त्याचा अर्थ स्वतःच लावावा लागतो. आपली अहिराणी वळणाची बोली, आपले कपडे, आपली परिस्थिती यांतच काही उणे आहे, अशी त्याची समजूत होते. शहरात मन न रमण्याची सुरुवात अशा न बोललेल्या गोष्टीतून होऊ शकते. म्हणूनच न सांगणे म्हणजे सभ्यता, हा समज तपासून पाहायला हवा.

पूर्वी सांगणारा कुणी होता

गावाकडून आलेल्यांनी एकत्र राहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे विविध समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाची आणि भोजनाची सोय हे तिचे काम. मुंबईत गिरणी कामगारांच्या खोल्यांतून एकाच गावचे अनेक जण पाळीपाळीने झोपत, तर गोव्याहून आलेल्यांसाठी गावागावांची ‘कूड’ असे.

या सर्व ठिकाणी गर्दी आजच्यापेक्षा कमी नव्हती. पण वसतिगृहात रेक्टर असत आणि गावकीच्या खोलीत वडीलधारे असत. ‘आंघोळ उरकून घे’, ‘सदरा धुवायला टाक’ हे त्यांनी सांगितले तर त्यात अपमान वाटत नसे, कारण ते सर्वांनाच सांगितले जाई. आजच्या कॉट बेसिसच्या खोलीत असा कुणी नसतो. घरमालकाला भाड्याशी काम असते आणि बाकीचे तिघे-चौघे समवयस्क असतात. पूर्वी जे काम थोरांचे होते ते आता बरोबरीच्या मित्रावर येऊन पडले आहे. अवघडलेपणाचे खरे कारण हे आहे.

ज्याचे त्याला कळत नाही

बोलण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. माणसाच्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख एक्राइन स्वेदग्रंथी असतात. त्यांतून पाणी आणि क्षार बाहेर पडतात आणि शरीर थंड राहते. काखेत आणि जांघेत मात्र अपोक्राइन नावाच्या वेगळ्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना कार्यरत होतात. त्यांच्या स्रावातील घटक त्वचेवरील जिवाणू फोडतात आणि त्यातून उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे काम करणारे एक विकर काखेतील ‘स्टॅफिलोकोकस होमिनिस’ या जिवाणूत शोधून काढले. म्हणजे वास हा नेहमीच आळसाचा किंवा अस्वच्छतेचा पुरावा नसतो. दररोज आंघोळ करणाऱ्यालाही तो येऊ शकतो. जपान, कोरिया, चीन येथील बहुसंख्य लोकांत एका जनुकाच्या विशिष्ट प्रकारामुळे काखेला फारसा वासच येत नाही; त्यात त्यांची स्वतःची काही कर्तबगारी नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपले नाक सततच्या वासाला लवकरच सरावते आणि मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. कांद्याच्या मोसमात दिवसभर बाजार समितीच्या आवारात वावरणाऱ्याला कांद्याचा वास जाणवत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र तो फाटकाशीच जाणवतो. अंगाच्या वासाचेही तसेच आहे. ‘त्याला कळत कसे नाही?’ या प्रश्नाचे उत्तर एवढेच की, कुणालाच आपला वास कळत नाही. आपलाही आपल्याला कळत नाही, हे सांगणाऱ्यानेही ध्यानात ठेवलेले बरे.

आधी बादली, दोरी आणि नळ पाहा

माणसाकडे बोट दाखवण्याआधी खोलीकडे पाहावे. सहा जणांत एक न्हाणीघर आणि सकाळी तासभर पाणी असेल, तर नव्याने आलेल्याचा क्रमांक शेवटचा लागतो. कॉलेजची वेळ गाठायची तर त्याला चार तांबे अंगावर घेऊनच निघावे लागते. कपडे वाळत घालण्याची दोरी आधीच्या रहिवाशांनी व्यापलेली असते. मग पावसाळ्यात त्याचे कपडे पिशवीतच दमट राहतात आणि दमट कपड्यांत वाढणाऱ्या जिवाणूंमुळे धुतलेल्या शर्टालाही कुबट वास येतो. पॉलिस्टरच्या कपड्यांत घामाचा वास सुती कपड्यांपेक्षा अधिक धरून राहतो. बुटांचा एकच जोड रोज वापरला तर तो आतून वाळत नाही. ज्याच्याजवळ तीनच शर्ट आणि एकच जोड आहे, त्याला ‘स्वच्छ राहा’ असा उपदेश करून काय साधणार? त्याला दोरीवर हातभर जागा आणि नळाची ठरलेली वेळ मिळाली तर निम्मा प्रश्न न बोलताच सुटू शकतो.

येथे आणखी एक भान आवश्यक आहे. आपल्या समाजात स्वच्छतेची भाषा फार काळ विटाळाच्या भाषेत मिसळलेली होती. परदेशात उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळेना आणि ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. या इतिहासामुळे ‘तुझा वास येतो’ हे वाक्य सर्वांच्या कानी सारखेच पडत नाही. एखाद्याला ते केवळ घामाविषयी वाटेल, तर दुसऱ्याला ते आपल्या घराविषयी, जातीविषयी, डब्यातील सुकटीविषयी वाटेल. त्यामुळे ‘तुमच्याकडे असेच असते का?’, ‘गावाकडे चालत असेल’ असे शब्द चुकूनही येऊ देऊ नयेत. बोलणे घामापुरते, कपड्यापुरते ठेवावे. ते माणसाच्या कुळाशीलापर्यंत नेऊ नये. सुके बोंबील किंवा लसणाची चटणी यांच्या वासाचा प्रश्न वेगळा आहे. तो खोलीतील सर्वांनी मिळून, डबा घट्ट लावण्याच्या नियमाने सोडवावा.

काय म्हणावे, काय टाळावे

सांगायचे ते लवकर सांगावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सांगितले तर ती सूचना असते. सहा महिन्यांनी सांगितले की तिचा आरोप होतो आणि ‘इतके दिवस सगळ्यांना हे ठाऊक होते’ ही जाणीव मूळ गोष्टीपेक्षा अधिक बोचते.

एकट्याने एकट्याला सांगावे. तिघांनी मिळून समोर बसवले तर त्याला न्यायालयाचे स्वरूप येते. परीक्षेला किंवा मुलाखतीला निघताना सांगू नये. मेसवरून परतताना, रस्त्याने चालत असताना बोलणे सोपे जाते, कारण एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही.

वाक्य लहान आणि स्पष्ट असावे. उदाहरणार्थ : “अरे, एक सांगायचंय, थोडं अवघड आहे. माझ्या बाबतीत असतं तर तू मला सांगावंस असंच वाटलं असतं. संध्याकाळी खोलीत तुझ्या घामाचा वास जाणवतो. आपला आपल्याला कळत नाही, म्हणून सांगितलं. सकाळी पाण्याची अडचण होत असेल तर माझ्या आधी आंघोळ करत जा.” मुलींच्या खोलीत ‘अरे’च्या जागी ‘अगं’ येईल. सोबती वयाने मोठा असेल तर ‘दादा, राग मानू नका’ अशी सुरुवात करावी. पण आशय तोच राहावा. फार गोल बोलू नये. ‘आजकाल उकाडा फार आहे, नाही?’ एवढ्याने समोरच्याला काहीच उमगत नाही आणि आपण मात्र सांगितल्याच्या समाधानात राहतो.

‘सगळेच म्हणतात’ हे शब्द टाळावेत. आपल्याला जे जाणवते तेवढेच आपल्या नावावर सांगावे. उशाशी साबणाची वडी ठेवणे, भिंतीवर निनावी चिठ्ठी लावणे, तो खोलीत येताच सुगंधी फवारा मारणे, हे प्रकार थट्टेसारखे दिसले तरी त्यांत क्रौर्य असते. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात शिरले की आधी स्वतः खराट्याने रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. स्वच्छतेविषयी बोलण्याचा अधिकार कसा मिळवावा, याचा याहून चांगला धडा आपल्याकडे नाही. आपल्या खाटेखालचे मोजे उचलल्यावरच दुसऱ्याच्या मोज्यांविषयी बोलावे.

उपाय साधे, पण नेमके

सांगण्याबरोबर उपायही माहीत असावा. काखा आणि पायांच्या बोटांमधील जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करणे, मोजे व आतले कपडे रोज बदलणे, घामेजलेला शर्ट दुसऱ्या दिवशी न घालणे, बुटांना मधून एक दिवस विश्रांती देणे, एवढ्याने बहुतेकांचे काम होते. डिओडरंट आणि घामरोधक यांत फरक आहे. पहिले वास झाकते किंवा जिवाणू कमी करते, तर दुसऱ्यातील ॲल्युमिनियमचे क्षार घामच कमी करतात आणि ते रात्री कोरड्या त्वचेवर लावल्यास अधिक उपयोगी पडतात. तोंडाच्या दुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा तोंडातच, जिभेच्या मागील भागावर किंवा हिरड्यांत असते. दात घासताना जीभ स्वच्छ करणे आणि दंतवैद्यांना दाखवणे हा त्यावरचा मार्ग. लसूण खाल्ल्यावर येणारा वास मात्र दात घासून पूर्ण जात नाही, कारण त्यातील एक गंधकयुक्त द्रव्य रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर येते.

एवढे करूनही फरक पडत नसेल, घाम वाजवीपेक्षा फार येत असेल किंवा वास अचानक बदलला असेल, तर डॉक्टरांना भेटावे. अतिघामावर आज उपचार आहेत. श्वासाला फळासारखा गोडसर वास येणे हे अनियंत्रित मधुमेहाचे लक्षण असू शकते आणि त्यात विलंब धोक्याचा ठरतो. माशासारखा वास येणारा एक दुर्मीळ आनुवंशिक विकारही असतो, ज्यात साबणाचा दोष नसतो. आणि पूर्वी टापटिपीने राहणारा मुलगा जर आंघोळ टाळू लागला, दिवसभर पांघरुणातच राहू लागला, तर प्रश्न वासाचा नसून मनाचा असू शकतो. अशा वेळी ‘आंघोळ कर’ यापेक्षा ‘बरा आहेस ना?’ हे विचारणे अधिक गरजेचे.

सांगितल्यानंतर

ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, हे गृहीत धरावे. तो रागावेल, गप्प होईल किंवा हसून विषय टाळेल. त्या दिवशी त्याला पटवत बसू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहाला मात्र बोलवावे. कालचे बोलणे मैत्रीला धरून होते, हे त्यातून कळते. दोन आठवडे वाट पाहावी आणि तोवर पुन्हा आठवण करून देऊ नये. फरक पडला तर त्याची जाहीर वाखाणणीही करू नये. काहीच बदलले नाही तर एकदाच, तितक्याच शांतपणे पुन्हा बोलावे. तरीही जमले नाही तर खोली बदलण्याचा मार्ग मोकळा आहे. फक्त जाताना त्याची अपकीर्ती मागे ठेवून जाऊ नये.

घरी हे काम आई करते. तिचे बोलणे टोचत नाही, कारण बोलल्यावर तीच धुतलेला सदरा पुढे ठेवते. शहरातील खोलीत ते काम सोबत्यावर आले, तर त्याने आईच्या शब्दांबरोबर तिचा तो धुतलेला सदराही लक्षात ठेवावा. नव्या मुलाला दोन मिनिटांचे खरे बोलणे, बादलीची पाळी आणि दोरीवरची जागा एवढे मिळाले, तर त्या खोलीत तो परका राहत नाही.