सी ड्राइव्ह लाल झालाय? फोल्डरचा पत्ताच बदला

वरसे-रोह्यातल्या मंडळींसाठी. धावीर महाराजांच्या पालखीचे व्हिडिओ, मुलांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो सगळं सीवर, आणि शेजारचा डी रिकामा! विंडोजच डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स मुकाट्याने सीवर ठेवतं.

बरेच जण फाइली कट-पेस्ट करतात. चालतं, पण नव्या फाइली पुन्हा सीवरच येतात. त्यापेक्षा डीवर 'पिक्चर्स' नावाचा नवा फोल्डर करा. मग जुन्या पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, मूव्ह. नवा फोल्डर निवडा, ओके करा, आणि जुन्या फाइली हलवू का विचारलं की 'येस'. प्रत्येक फोल्डरला स्वतंत्र जागा द्या. थेट डी ड्राइव्हच निवडलात तर अख्खा डीच 'पिक्चर्स' होऊन बसतो आणि तो गुंता सोडवताना घाम फुटतो. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर त्या फोल्डरचा आधी थांबवा.

दुसऱ्या ड्राइव्हवर 'मूव्ह' म्हणजे आधी कॉपी, मग डिलीट, वेळ लागणारच. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा लॅपटॉप चार्जिंगला, डेस्कटॉप यूपीएसवर. विंडोज, प्रोग्राम फाइल्स, ॲपडेटा यांना मात्र अजिबात हात लावू नका.

आणि हो, सी-डी अनेकदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. सातबाऱ्याचे स्कॅन आणि फोटो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरही ठेवा.