मराठीचं व्याकरण डेन्मार्कच्या गावात छापलं गेलं, ते कसं?

१८०५ साली विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापून आलं. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता. पण पुस्तक छापलं गेलं श्रीरामपुरात. आपल्या नगर जिल्ह्यातल्या नाही, बंगालमधल्या, हुगळीच्या काठावरच्या श्रीरामपुरात. आणि हे गाव इंग्रजांचंही नव्हतं. तिथं झेंडा होता डेन्मार्कचा.

आता तुम्ही म्हणाल, डेन्मार्क मध्येच कुठून आलं?

तर १७५५ मध्ये डॅनिश कंपनीनं नवाब अलिवर्दी खानाकडून इथं वखार घालायची परवानगी मिळवली. राजा पाचव्या फ्रेडरिकवरून गावाचं नाव ठेवलं फ्रेडरिक्सनगर. कलकत्त्यापासून जेमतेम २५ किलोमीटर. ना मोठी फौज, ना मुलूख. पण इंग्रज आणि फ्रेंच भिडले की डेन्मार्क तटस्थ राहायचं, त्यामुळं डॅनिश जहाजांची चलती व्हायची. ईस्ट इंडिया कंपनीचे साहेबच आपली खासगी कमाई या डॅनिशांमार्फत गुपचूप युरोपला धाडायचे. कलकत्त्यात कर्जात बुडालेले लोकही सावकाराला चुकवून इथंच यायचे. हद्द ओलांडली की इंग्रजांचा कायदा संपला!

मिशनऱ्यांनी हीच हद्द हेरली. धर्मात ढवळाढवळ झाली तर लोक बिथरतील आणि धंदा बसेल, या भीतीनं कंपनीला ते आपल्या मुलखात नको होते. म्हणून १७९९ मध्ये मार्शमन आणि वॉर्ड थेट डॅनिश हद्दीत गेले. गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आसरा दिला. १८०० मध्ये कॅरीही आला आणि छापखाना सुरू झाला.

हेतू बायबल पोचवण्याचा होता, भाषेची सेवा वगैरे त्या ओघात झाली. अक्षरांचे खिळे पाडायला बंगाली कारागीर पंचानन कर्मकार होते, तर मराठी शिकवायला वैजनाथशास्त्री. आपल्याकडं रोजचा व्यवहार मोडीत चालायचा, पण व्याकरणातली मराठी देवनागरीत छापली गेली. पुढं मोडीचे खिळेही तयार झाले आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडीत निघाला. गंमत म्हणजे ज्या कंपनीला मिशनरी नको होते, तिनंच १८०१ पासून कॅरीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला ठेवलं होतं.

गावाचं नशीब मात्र फिरलं. नेपोलियनच्या काळात डेन्मार्कची तटस्थता संपली आणि १८०८ मध्ये इंग्रजांनी गाव ताब्यात घेतलं. १८१५ मध्ये परत दिलं, पण गेलेला व्यापार काही परतला नाही. शेवटी १८४५ मध्ये डेन्मार्कनं श्रीरामपूर आणि तमिळ किनाऱ्यावरचं त्रांकेबार मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकलं.

विकताना एक अट घातली होती. मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये इथं कॉलेज काढलं होतं आणि १८२७ मध्ये डॅनिश राजानं सनद देऊन त्याला पदव्या द्यायचा अधिकार दिला होता. तो अधिकार कायम राहील, असं करारात लिहून घेतलं. धर्मशास्त्राच्या पदव्या तिथून आजही दिल्या जातात.