गंगेचा खटला आणि आपले पोट

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्या तळ्याचा खटला दहा वर्षे चालला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? १९२७ साली तिथल्या सवर्णांनी बाबासाहेबांना प्रतिवादी करून दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची जुनी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. ती सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.

ज्यांनी पाण्यासाठी कोर्टाची पायरी अशी झिजवली, त्यांनीच ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत कलम ३२ ला घटनेचा आत्मा म्हटले. मूलभूत हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हा रस्ता. १९८० च्या सुमारास न्या. भगवती आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी तो आणखी रुंद केला. ज्याला कोर्टात जाणे परवडत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीही जावे. हीच जनहित याचिका.

या रस्त्याने सर्वाधिक चाललेला वकील म्हणजे ॲड. एम. सी. मेहता. मूळचे जम्मूकडचे. पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो. मेहतांचा गंगेचा खटला वाचला आणि आम्ही थबकलो.

कानपूरच्या जाजमऊ भागात गंगेकाठी कातडी कमावण्याचे कारखाने. चुना आणि क्रोम मिसळलेले पाणी सरळ नदीत. पाणी स्वच्छ करण्याची यंत्रणा लहान मालकांना झेपत नाही, अशी तक्रार. २२ सप्टेंबर १९८७ च्या निकालात कोर्ट म्हणाले, किमान वेतन देऊ न शकणारा कारखाना जसा चालू देता येत नाही, तसाच प्राथमिक शुद्धीकरण करू न शकणाराही चालू देता येणार नाही. कारखाने बंद झाले तर बेकारी येईल, हेही मान्य केले. पण लोकांचा जीव आणि आरोग्य मोठे, असे ठरवले.

ऐकायला बरे वाटते. पण बेकारी कोणाची? कातड्याला लागणारे हात दलितांचे आणि मुसलमानांचे. घाण पाण्याशेजारी राहणारेही गोरगरीबच. म्हणजे दोन्हीकडून मार आपल्याच पाठीवर!

१९९६ साली दिल्लीत हेच घडले. मेहतांच्याच याचिकेवर १६८ धोकादायक कारखाने ३० नोव्हेंबरपर्यंत शहरातून काढण्याचा आदेश झाला. कामगारांची नोकरी सलग धरावी, कारखान्याबरोबर जाणाऱ्यांना एक वर्षाचे वेतन बोनस द्यावे, असेही कोर्टाने लिहिले. मात्र ठेकेदाराच्या कामगाराचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते. त्याने भरपाई मागायची तरी कोणत्या कागदावर? आमच्या मते दोष याचिकेचा नाही. तिथे कामगाराच्या बाजूने उभा राहणारा वकील आधीपासून हवा होता.

मेहतांनी पोरांसाठीही झुंज दिली, हे सांगायलाच हवे. शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी कारखान्यांतल्या बालकामगारांच्या खटल्यात १० डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत आणि त्यातून मुलाच्या भल्याची सोय व्हावी, असे ठरले. मुलाच्या घरातल्या मोठ्या माणसाला काम देण्याचेही सरकारला सांगितले. पोराला कामावरून काढले तर त्या घरी चूल कशी पेटणार, याचा विचार इथे झाला.

वाचक बंधू-भगिनींनो, वकिलाची फी कुठून आणायची, हा प्रश्न आपल्याकडे पहिला येतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतल्या बौद्धांनाही हे लागू आहे. अर्ज जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत करायचा. जातीचा दाखला बरोबर ठेवावा.